कानात काही नाही, मग दुखतंय काय? (जबड्याचा सांधा)

हळदीचं_पान | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. सांगलीत राहते, नदीपलीकडच्या एका पतसंस्थेत नोकरी करते, वय ३९.

जूनमध्ये डावा कान दुखायला लागला. रोज स्कूटरने आयर्विन पुलावरून जाणं-येणं, त्यामुळे "नदीवरचा वारा कानात शिरला" हे सासूबाईंचं निदान घरात एकमताने मंजूर झालं. लसूण घालून कोमट केलेलं तेल, वर कापसाचा बोळा. आठ दिवस मी ऑफिसात लसणाच्या फोडणीसारखी दरवळत होते. फरक शून्य.

मग कानाच्या डॉक्टरांकडे तीन फेऱ्या झाल्या. थेंब, गोळ्या, शेवटी ऑडिओग्राम. पडदा चांगला, ऐकू येणं चांगलं, मळसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी ते सरळ म्हणाले, "ताई, कानात काही नाही हो." मला हायसं वाटण्याऐवजी रडूच आलं. दुखतंय तर खरं, मग दुखतंय काय?

उत्तर मिळालं ते गणपतीत. उकडीचा मोदक खाताना डाव्या दाढेचा टवका उडाला. उकडीचा बरं का, तळणीचा नव्हे! दातांच्या डॉक्टरांनी टवका बघितला, आणि मग दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांपुढे ठेवून म्हणाले, "हळू उघडा. आता मिटा." कट्. मला आवाज नेहमीचाच, पण त्यांना तो बोटाला लागला. मग त्यांनी गालाच्या मागच्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडं वर दाबलं आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. पट्टी लावून तोंड मोजलं तर ३१ मिलिमीटर.

"कान नाही, कानापुढचा सांधा दुखतोय," म्हणाले. "आणि तुम्ही रात्री दात खाता. दाढा बघा, चौथऱ्यासारख्या सपाट झाल्यात."

आता मागे वळून बघते तर सगळं समोरच होतं. सकाळी उठल्यावर कानशिलं जड, जबडा पहिल्या चहापर्यंत आखडलेला. जेवताना डाव्या बाजूला कट्-कट्. कानात दडा बसल्यासारखं, घाट उतरताना होतं तसं, पण गिळून न सुटणारं. शाळूची भाकरी चावता चावता गाल थकायचा आणि मी निम्मी टाकून उठायचे. घरी वाटलं मी डाएट करतेय. नवरा तर वर्षभर विचारत होता, "रात्री झोपेत फुटाणे खातेस का गं?" माझ्या सात वर्षांच्या लेकाने एकदा माझ्या गालाला कान लावून सांगितलं होतं, "आई, आत कोणीतरी बोटं मोडतंय." आम्ही हसलो होतो.

म्हणून हा धागा. असं अजून कोणाला झालंय का? काय काय जाणवलं ते लिहा. माझे तीन महिने नको त्या जागी गेले, निदान दुसऱ्या कोणाचे तरी वाचतील.

---

ऊसखोर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, मला फक्त कट् आवाज येतो, दुखत नाही. दहा वर्षं झाली. आता तुमचं वाचून दुखायला लागलंय.

---

निळी_छत्री | १४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

बाप रे, हे तर माझंच! पण माझं उलटं आहे. उजवीकडे दोन वर्षं कट् वाजायचं. तीन आठवड्यांपूर्वी आवाज आपोआप बंद झाला. मी खूश. पण तेव्हापासून वडापाव तोंडात जात नाहीये, आणि आरशात बघितलं तर तोंड उघडताना हनुवटी उजवीकडे पळते. विश्रामबागेत राहून एमपीएससीचा अभ्यास करते, दिवसभर अभ्यासिकेत. याचा संबंध असेल का?

---

आजोबा_माधवनगर | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:१२

आमच्या वेळी हे असले आजार नव्हते. आम्ही बदाम दातांनी फोडत होतो. आख्खा ऊस सोलत होतो. हल्लीच्या पोरांना मऊ ब्रेड खाऊन जबडे राहिले नाहीत.

---

ऊसखोर | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

आजोबा, नमस्कार. आता तुमचे दात किती आहेत?

---

आजोबा_माधवनगर | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

कवळी आहे. विषय तो नाही.

---

दंतकथा | १५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

धागा चांगला निघालाय. मी दातांचा डॉक्टर, मिरजेत प्रॅक्टिस करतो. इथे बसून कोणाचं निदान करणार नाही, पण हा सांधा काय प्रकार आहे ते सांगतो, म्हणजे लक्षणांचा अर्थ लागेल.

दोन्ही कानांच्या भोकांपुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड हळू उघडा. बोटाखाली एक गोटी आधी जागच्या जागी फिरते आणि मग पुढे सरकते. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकतो. हा सांधा बिजागरीही आहे आणि सरकतं दारही. शिवाय डावा-उजवा मिळून एकच हाड, त्यामुळे एकीकडे बिघडलं की दुसरीकडची चाल बदलते. गोटी आणि वरची खोबण यांच्यामध्ये कुर्चेची एक चकती असते, गादीसारखी. ती गोटीबरोबर पुढे-मागे सरकली पाहिजे.

काहींची चकती पुढे घसरलेली असते. तोंड उघडताना गोटी तिच्या मागच्या कडेवरून उडी मारून तिच्यावर जाऊन बसते, तोच कट्. मिटताना पुन्हा घसरते, म्हणून कधी कधी दुसरा बारीक कट्. हा नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर बहुतेक वेळा काहीही करावं लागत नाही. ऊसखोर, तुमचं हेच दिसतंय. शांत झोपा.

निळी_छत्री, तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सगळ्यांनी वाचावी. आवाज थांबला म्हणजे बरं झालं असं नाही. चकती पुढेच अडकून बसली की गोटीला तिच्यावर चढता येत नाही. आवाज गेला आणि त्याबरोबर तोंडही कमी उघडायला लागलं, उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला ओढली जायला लागली, तर याचा संशय घ्यायचा. असं अडकून थोडेच दिवस झाले असतील तर सोडवणं तुलनेने सोपं असतं. अभ्यास दोन तास बाजूला ठेवा आणि उद्याच दाखवा. जोर लावून स्वतः उघडायचा प्रयत्न करू नका.

कानाचं म्हणाल तर कानाची नळी या सांध्याच्या अगदी पाठीला पाठ लावून आहे. सांध्याला जी नस जाते, तिच्याच फांद्या कानाच्या नळीला आणि कानशिलाला जातात. मेंदूला कळतं "इथे कुठेतरी दुखतंय", नेमकी खोली कळत नाही. दडा बसणं, कानात गुणगुण, कधी थोडी चक्कर, हे सगळं या रुग्णांमध्ये दिसतं. १९३४ साली जेम्स कोस्टेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने कानाच्या या तक्रारींचा जबड्याशी संबंध जोडला, आणि ते होते कान-नाक-घशाचे डॉक्टर! त्यांनी दिलेलं कारण पुढे चुकीचं ठरलं, पण निरीक्षण टिकलं.

तरीही हळदीचं_पान, आधी कान तपासला हे योग्यच केलंत. कानातून पू येत असेल, ताप असेल, ऐकू कमी येत असेल तर पहिलं दार कानाच्याच डॉक्टरांचं.

---

हळदीचं_पान | १५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

धन्यवाद डॉक्टर! गोटी फिरते आणि मग सरकते, हे मी आत्ता बोट ठेवून बघितलं. ३९ वर्षांत पहिल्यांदा. लेकाने लगेच सगळ्या घराच्या कानांपुढे बोटं ठेवून बघितली. सासूबाईंचाही सांधा वाजतो! पण त्यांचं म्हणणं, तो वारा.

---

कोकणची_माहेरवाशीण | १५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

रात्री दात खाणं म्हणजे पोटात जंत, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय. माझी पाच वर्षांची मुलगी कडाकडा दात खाते. जंताचं औषध दोनदा देऊन झालं.

---

दंतकथा | १५ नोव्हेंबर, रात्री १०:००

जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध नेमका सिद्ध झालेला नाही. त्या वयाची बरीच मुलं दात खातात आणि मोठी होता होता बहुतेकांचं आपोआप थांबतं. दात फार झिजत असतील, सकाळी गाल-डोकं दुखतंय म्हणत असेल, घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल तर दाखवा.

मोठ्यांनी आरशात तीन गोष्टी बघा. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, करंजीच्या कडेसारखे. गालाच्या आत दातांच्या रेषेत उमटलेली पांढरी आडवी रेघ. आणि सुळ्यांची टोकं सपाट झालेली. एवढं दिसलं म्हणजे आजार झाला असं नव्हे, पण तुम्ही रात्री किंवा दिवसा दात आवळताय याचा माग लागतो. हो, दिवसासुद्धा. रात्री खाणाऱ्याला घरातलं कोणीतरी सांगतं. दिवसा आवळणाऱ्याला कोणीच सांगत नाही. दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी जास्त, यावरून पुष्कळदा अंदाज येतो.

---

मिरजेचा_गज | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मी व्हायोलिन वाजवतो. सुरुवातीला पाश्चात्त्य पद्धतीने शिकलो, उभं राहून, हनुवटीखाली वाद्य दाबून. चार वर्षांत डाव्या जबड्याचं दुखणं सुरू झालं. मला वाटलं रियाज कमी पडतोय म्हणून आणखी दाबायचो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "वाद्य तुम्ही धरता का ते तुम्हाला धरतं?" नंतर हिंदुस्थानी पद्धतीने मांडी घालून बसायला लागलो, वाद्याचं टोक पायावर टेकतं आणि हनुवटी मोकळी राहते. जबडा सुटला. मान मात्र अजून धरते, पण ते मोबाइलचं पाप.

---

घाटमाथा | १६ नोव्हेंबर, दुपारी १:०५

डॉक्टर, एक विचारू? एके ठिकाणी (नाव घेत नाही) मला सांगितलं, तुमचा सांधा वाजतो कारण दात नीट बसत नाहीत. सगळे दात थोडे थोडे घासून समान करू, नाहीतर तारा लावू, दीड वर्ष लागेल. मला दुखत काहीच नाही. पैसे भरायच्या आधी घरी आलो ते परत गेलो नाही. चुकलं का?

---

दंतकथा | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

नाही चुकलं. न दुखणाऱ्या आवाजासाठी घासलेला दात पुन्हा उगवत नाही. या सांध्याच्या बाबतीत साधा नियम असा, की जे उलटं फिरवता येतं ते आधी करून बघायचं: मऊ खाणं, शेक, व्यायाम, रात्री दातांवर बसवायची, काढता-घालता येणारी पट्टी, गरज लागली तर थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. कायमचे बदल आणि ऑपरेशन ही फार थोड्यांसाठी आणि शेवटची पायरी. तुम्हाला तारा वेगळ्या कारणाने लागत असतील तर तो प्रश्न वेगळा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

---

लाल_डबा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

एसटीत कंडक्टर आहे. दोन वर्षांमागची गोष्ट. पहाटेची गाडी, कराडच्या अलीकडं एका पॅसेंजरनं जांभई दिली आणि तोंड मिटंचना. आ वासून बसलेला माणूस, लाळ गळतीय, बोलता येईना, डोळ्यातनं पाणी. बायको ओरडाय लागली, "दातखीळ बसली, कांदा लावा." मी म्हणलं मावशी दातखीळ म्हणजे तोंड मिटलेलं, हे तर उघडं हाय. गाडी सरळ दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी दोन अंगठे तोंडात घालून खाली दाबून मागं सारलं, दोन मिनिटांत तोंड मिटलं. पहिलं वाक्य काय म्हणाला असंल? "तिकिटाचे सुट्टे राहिले."

---

दंतकथा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५५

लाल_डबा, अगदी योग्य केलंत. याला जबडा निखळणं म्हणतात. गोटी खोबणीच्या पुढच्या उंचवट्यापलीकडे जाते आणि मागे येत नाही. असं झालं तर घरी ढकलाढकली करू नका. हनुवटीला टॉवेलचा आधार द्या आणि दवाखाना गाठा. एकदा झालेल्यांनी जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरायची.

आणि दातखीळ म्हणजे तोंड मिटूनच बसणं. जखम झाली असेल, धनुर्वाताची लस घेतलेली नसेल आणि जबडा आखडत चालला असेल तर तीही तातडीचीच गोष्ट.

---

अजिंक्यताऱ्याची_वाट | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

साताऱ्याहून लिहितेय. विषय थोडा वेगळा, पण लिहायलाच हवं. माझे वडील रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचे. गेल्या वर्षी म्हणायला लागले, अर्ध्या वाटेवर दोन्ही जबडे दुखतात, कठड्यावर बसलं की थांबतात. आम्ही दात दाखवले. एक दाढ किडलेली निघाली, ती काढली. तरी तेच. शेवटी माझ्या नणंदेने विचारलं, "जेवताना दुखतं का?" नाही. "मग फक्त चढतानाच?" हो. ती नर्स आहे. त्याच दिवशी ईसीजी, आठवडाभरात अँजिओप्लास्टी. छातीत त्यांच्या कधीच दुखलं नव्हतं.

---

हळदीचं_पान | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

काटा आला वाचून. वडील आता बरे आहेत ना?

---

अजिंक्यताऱ्याची_वाट | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

हो, आता सपाटीवर फिरतात आणि गडाकडे बघून उसासे टाकतात.

---

दंतकथा | १७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

नणंदबाईंना नमस्कार. सांध्याचं दुखणं चावताना, जांभईला, बोलताना वाढतं. चढताना वाढून बसल्यावर थांबणारं, घाम-दम घेऊन येणारं दुखणं जबड्याचं मानू नका.

तशीच अजून दोन सोंगं. विजेचा झटका बसल्यासारखी काही सेकंदांची कळ, दात घासताना किंवा गालाला वारा लागला तरी येणारी. ती नसेची असते, तिची औषधं वेगळी. आणि पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं आणि नजर अंधुक होणं. हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी फिजिशियनकडे, कारण त्यात दृष्टी जाऊ शकते.

---

सज्जनगड | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मी नुसता वाचक. डॉक्टर, तोंड किती उघडायला पाहिजे ते घरी कसं बघायचं? पट्टी आरशापुढे धरून जमत नाही.

---

दंतकथा | १७ नोव्हेंबर, रात्री ११:००

स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. तीन गेली तर ठीक. मोजमापात साधारण ४० ते ५० मिमी. दोनच जात असतील तर दाखवा.

---

सज्जनगड | १७ नोव्हेंबर, रात्री ११:१२

दीड जातं. म्हणजे एक जातं, दुसरं अडकतं. पण दुखत काहीच नाही. आवाजही नाही. मग हा सांधाच ना?

---

दंतकथा | १७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सुपारी, मावा, गुटखा यातलं काही?

---

सज्जनगड | १७ नोव्हेंबर, रात्री ११:३१

गुटखा आयुष्यात नाही. तो तर २०१२ पासून बंदच आहे महाराष्ट्रात. (हसू नका.) नुसती सुपारी, भाजकी, जेवणानंतर. आणि गाडीवर असताना. आणि तसं मधे मधे.

---

दंतकथा | १७ नोव्हेंबर, रात्री ११:३८

तिखट लागतं का तोंडाला? शिट्टी वाजते का? फुगा फुगतो का?

---

सज्जनगड | १७ नोव्हेंबर, रात्री ११:५०

ठेचा वर्षभर बंद आहे, आग होते. मला वाटलं ॲसिडिटी. शिट्टी आत्ता वाजवून बघितली, नुसती हवा येते. बायको उठली.

---

दंतकथा | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

रात्री मुद्दाम उत्तर दिलं नाही, शांतपणे लिहायचं होतं. दादा, तुमचं सांध्याचं नसण्याचीच शक्यता जास्त. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू घट्ट आणि पांढुरकी होते, दोरीसारखे पट्टे पडतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. याला ओएसएमएफ (ओरल सबम्युकस फायब्रोसिस) म्हणतात. नुसत्या सुपारीनेही होतं, तंबाखू लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवलंय. ओएसएमएफ म्हणजे कर्करोग नव्हे, पण त्यातून काहींना पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

स्वतः गालात बोट फिरवून बघा, आत ताठ दोरी लागते का. आणि या आठवड्यात तोंडाच्या डॉक्टरांना दाखवा. सुपारी आजपासून बंद, उद्यापासून नाही.

---

सज्जनगड | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

लागते.

---

हळदीचं_पान | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

दादा, दाखवून आलात की इथे नक्की लिहा. आम्ही वाट बघतोय.

---

ऊसखोर | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

वातावरण गंभीर झालंय म्हणून विचारतो: जबडा दुखत असताना भडंग चालतं का? सांगलीत राहून ऊसही बंद आणि भडंगही बंद, तर मतदार यादीतून नाव कमी होईल.

---

हळदीचं_पान | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी दोन महिन्यांच्या अनुभवावरून सांगते: चुरमुरे चालतात, शेंगदाणे नवऱ्याला. ऊस दातांनी सोलणं साफ बंद, रस पिते. चुइंगम बंद. भाकरी गरम आमटीत कुस्करून, सफरचंद फोडी करून. मोठा घास नाही, बर्गरसारखं आ वासून तर काहीच नाही. गालाला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं ओला गरम शेक. रात्री पट्टी. पहिले चार दिवस ती तोंडात घेऊन मी पहिलवानासारखी दिसायचे.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो एका अक्षराने. डॉक्टरांनी सांगितलं, "न म्हणा आणि जीभ तिथेच ठेवा." न म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं आणि दात आपोआप सुटे राहतात. ओठ मिटलेले, दात सुटे. मला माहीतच नव्हतं की जेवण सोडून एरवी दात एकमेकांना लागायलाच नकोत! मी मार्चअखेरपासून कॅश जुळवताना तासन्‌तास दात आवळून बसत होते. आता मॉनिटरच्या कोपऱ्यात बारीक चिठ्ठी चिकटवलीय, नुसतं "न". मॅनेजर साहेबांना वाटलं कर्ज नाकारायची आठवण आहे.

तोंड आता ४१ मिमी उघडतं. कट् आहेच, पण दुखत नाही, म्हणून त्याला राहू दिलंय.

---

स्पष्टवक्ता_४१६ | १९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

एकूण काय, टेन्शन. बायकांना टेन्शन जास्त, म्हणून हे आजार बायकांना. टेन्शन घेऊ नका, संपला विषय.

---

हळदीचं_पान | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

दाढेचा टवका टेन्शनमध्ये नाही, डबीत ठेवलाय. बघायला या.

---

दंतकथा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताणाने दात आवळले जातात, झोप बिघडते, दुखणं जास्त जाणवतं हे खरं. पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. बायकांमध्ये प्रमाण जास्त आहे, तेही साधारण २० ते ४० या वयात, आणि त्याचं एकच असं कारण सांगता येत नाही. मार लागणं, सांधेवात, नैराश्यावरच्या काही गोळ्या, दातांच्या कामासाठी फार वेळ तोंड उघडं ठेवणं, नीट न बसणारी कवळी... आजोबा, वाचताय ना?

---

आजोबा_माधवनगर | २० नोव्हेंबर, सकाळी ६:०८

वाचतोय. कवळी २००९ ची आहे. खालची सैल झाली आहे. मिरजेत कुठे बसता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

निळी_छत्री | २ डिसेंबर, रात्री ९:४४

अपडेट. डॉक्टर म्हणाले तेच निघालं, चकती अडकलेली. एमआरआय काढला, त्यात स्पष्ट दिसली. पहिल्या दिवशी २७ मिमी उघडत होतं, हाताने हलवून आणि व्यायाम करून आता ३५. वडापाव अजून चपटा करून खाते. अभ्यासिकेतल्या तीन मुलींना 'न' शिकवलंय, त्यातल्या दोघींचे गाल दाबल्यावर त्या किंचाळल्या. आता आम्ही चौघी एकमेकींकडे बघून नुसतं न-न करतो, बाकीच्यांना वाटतं वेड लागलंय.

---

सज्जनगड | ५ डिसेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला, माफ करा. लिहायची हिंमत होत नव्हती. ओएसएमएफच आहे. २४ मिमी. गालाचा तुकडा तपासायला काढला होता, त्यात कर्करोग नाही. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, ते आठ दिवस कोणाला देऊ नये देवाने.

सुपारी १८ तारखेपासून बंद. गाडीच्या डिकीतून सात पुड्या निघाल्या, मला वाटलं दोन असतील. आता दर पंधरा दिवसांनी गालात इंजेक्शन, आणि रोज चार वेळा व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये घालायच्या आणि थोडा वेळ धरायच्या. आज किती, उद्या किती, ते बायको कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी.

---

दंतकथा | ५ डिसेंबर, रात्री १०:४५

वेळेत गेलात. घट्ट झालेली कातडी पूर्वीसारखी होईलच असं नाही, पण सुपारी बंद राहिली आणि पट्ट्या चुकवल्या नाहीत तर तोंड पुढे मिटत जाणं रोखता येतं, थोडं उघडतंही. तपासणीची तारीख चुकवू नका, बरं वाटलं तरी.

---

सज्जनगड | ११ जानेवारी, रात्री ९:०५

लेकीच्या कंपासमधली पट्टी घेऊन मोजलं. २७.

---

ऊसखोर | ११ जानेवारी, रात्री ९:११

जबरदस्त! ठेचा?

---

सज्जनगड | ११ जानेवारी, रात्री ९:१४

अजून नाही. दहीभात. पण शिट्टी वाजली, कुकरची नाही, माझी.